नाना पेठेतील वायपर दुरुस्ती : एका जुन्या मॉरिस मायनरच्या कामाचा अभिप्राय

ज्यांच्याकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी आहे आणि मृग लागला की जे ती शेडमधून बाहेर काढायला धजावत नाहीत, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. माझी गाडी १९५८ सालची मॉरिस मायनर १००० आहे. वडिलांनी ती वापरलेली घेतली होती आणि गेली बावीस वर्षे ती मी चालवते. इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स यांची कामे पुण्यात होतात, त्यांची माहिती असलेले मिस्त्री अजून आहेत. वायपरचे मात्र तसे नाही. तो भाग लहान, त्यात पैसा कमी, आणि दोष बिजलीचा आहे की यंत्राचा हे शोधण्यातच अर्धा दिवस जातो. त्यामुळे बहुतेक गॅरेजवाले एक तर मोटर बदलायला सांगतात, नाही तर एक वायर ओढून काम चालू करून देतात. या दोन्ही सल्ल्यांतून गेल्यानंतर मी नाना पेठेतल्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पोहोचले. त्यांनी माझ्या गाडीचे काम ज्या पद्धतीने केले, ते मला सविस्तर सांगण्याजोगे वाटते.

त्यांचे वर्कशॉप सुट्या भागांच्या दुकानांच्या रांगेमागे, एका बोळात आहे. एकच शटर आहे, आत जेमतेम एक गाडी मावते, आणि दारावर पाटी नाही. हातात घेता येतील इतकीच कामे त्यांना हवी असल्यामुळे आपले नाव आणि फोन कुठेही छापू नये, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले आहे, आणि त्यांच्या इच्छेचा मान राखून मी ते देत नाही. त्या भागात डायनामो आणि स्टार्टरचे जुने काम कोण करते असे दोन-तीन दुकानांत विचारले तर लोक तिथवर आणून सोडतात. मीही तशीच पोहोचले. पुढे मी त्यांचा उल्लेख काका असाच करणार आहे, कारण सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने हाक मारते.

आधी तक्रार काय होती ते सांगते. गेल्या जूनमध्ये जुन्या कात्रज घाटातून उतरताना पावसाचा जोर वाढला आणि वायपर हळूहळू मंदावत गेले. काचेच्या मध्यावर, नेमके माझ्या डोळ्यांसमोर, ते थांबले. बटण दोन-तीन वेळा दाबून ते पुन्हा सुरू झाले, पण एका फेरीला जेवढा वेळ लागत होता तेवढ्यात काच पुन्हा पाण्याने भरून जात होती. याखेरीज जुनी खोड अशी होती की बटण बंद केल्यावर ते काचेच्या तळाशी जाऊन बसत नसत, जिथे असतील तिथेच थांबत. ही खोड मी इतकी वर्षे गाडीच्या वयावर घालून सोडून दिली होती.

पहिल्या गॅरेजने मोटर गेली असे सांगितले आणि आजच्या एका छोट्या गाडीची मोटर बसवून देण्याचे साडेनऊ हजार मागितले. त्यासाठी काचेखालच्या पत्र्यात दोन नवीन भोके पाडावी लागतील, हे त्यांनी जाता जाता सांगितले. मी नकार दिला. दुसऱ्या गॅरेजने बॅटरीच्या टोकावरून थेट मोटरपर्यंत एक लाल वायर ओढली, मूळ वायर कापून तिच्यावर टेप गुंडाळली, आणि फ्यूज सारखा उडत होता म्हणून त्याच्या जागी तांब्याच्या तारांचे वेटोळे अडकवून दिले. तीन दिवस वायपर जोरात चालले. चौथ्या दिवशी डॅशबोर्डखालून जळका वास आला. गाडीच्या वायरिंगला फ्यूज नसणे म्हणजे काय, याची मला तेव्हा पुरती कल्पना नव्हती. काकांनी ते वेटोळे चिमट्याने बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "ताई, हे तुम्ही जपून ठेवा. पुन्हा कुणी असं करायला लागलं तर त्याला दाखवा." ते अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी अर्धा तास काहीही उघडले नाही, हे मला सर्वांत आधी नोंदवायचे आहे. त्यांनी प्रश्न विचारले. वायपर बंद केल्यावर कुठे थांबतात, दर वेळी त्याच जागी की कुठेही? कोरड्या काचेवर आणि ओल्या काचेवर वेगात फरक किती पडतो? हेडलाइट लावल्यावर ते आणखी मंदावतात का? गाडीला रंग कधी दिला? शेवटचा प्रश्न मला गैरलागू वाटला. तोच सर्वांत महत्त्वाचा होता, हे दुपारपर्यंत कळले.

कुठेही थांबतात, असे मी म्हटल्यावर त्यांनी लगेच सांगितले की मोटर मेलेली नाही, मोटरची स्वतःची अर्थिंगची, म्हणजे करंट परत गाडीच्या पत्र्याकडे नेणारी, वायर तुटलेली असणार. त्यामागचे कारण त्यांनी एका जुन्या बिलाच्या मागे आकृती काढून समजावले. या गाडीत मोटरला करंट हिरव्या वायरने सतत मिळतो, म्हणजे इग्निशन चालू असेपर्यंत मिळतो, आणि डॅशबोर्डवरचे बटण परतीच्या वाटेवर, अर्थिंगच्या बाजूला आहे. बटण दाबले की ती वाट पूर्ण होते. पण परतीची दुसरीही एक वाट मोटरच्या गिअरवरच्या घुमटाकार झाकणात असते. तिथे एक छोटा पार्किंग संपर्क आहे, आणि वायपर तळाशी पोहोचेपर्यंत तो मोटरला स्वतंत्रपणे अर्थिंग देत राहतो. म्हणून बटण बंद केल्यावरही मोटर फेरी पुरी करून मगच थांबते. आता ही मोटर रबराच्या गाद्यांवर बसवलेली असल्यामुळे तिच्या अंगाला गाडीच्या पत्र्याचा स्पर्श नसतो आणि तिच्यासाठी वेगळी काळी वायर दिलेली असते. ती तुटली की बटणाने मोटर चालते, पण पार्किंगची वाट बंद होते. त्यांनी ती काळी वायर दोन बोटांत धरून हलकेच वाकवली तेव्हा ती वरून अखंड दिसत होती, आणि वेष्टणाच्या आत एका ठिकाणी तांबेच नव्हते. तिथे फक्त हिरवट पूड होती.

वर्षानुवर्षे जी खोड मी वयावर ढकलली होती, तिचे उत्तर एक वीतभर वायर एवढेच होते.

त्यानंतर मीटर बाहेर आला. दुसऱ्या गॅरेजची लाल वायर काढून, कापलेली मूळ वायर तात्पुरती जोडून आणि फ्यूजच्या जागी खरा फ्यूज घालून त्यांनी गाडी पूर्ववत केली, काचेवर पाणी टाकले आणि वायपर चालू ठेवूनच मोजमाप घेतले. बंद वायरिंगवर व्होल्ट मोजून काही कळत नाही, करंट वाहत असतानाच वाटेतली गळती दिसते, यावर त्यांचा भर होता. बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते, मोटरला मात्र ९.७ च मिळत होते. राहिलेले २.७ व्होल्ट कुठे गेले हे त्यांनी एकेक टप्पा मोजून शोधले. बॅटरीपासून मोटरच्या हिरव्या टोकापर्यंत १.१ व्होल्ट आणि मोटरपासून बटणामार्गे बॅटरीच्या अर्थिंगपर्यंत १.६ व्होल्ट. म्हणजे जास्त मोठा दोष सगळेजण ज्या बाजूला पाहत होते त्या बाजूला नव्हता. बटणाच्या काळ्या वायरचे गोल टोक ज्या स्क्रूखाली बसवले होते, तिथे पत्र्यावर रंगाचा जाड थर होता. गाडीला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने सगळे सुटे करून, रंग वाळल्यावर, ते टोक रंगावरच परत आवळले होते. रंग वीज वाहून नेत नाही, आणि जो काही संपर्क होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांतून होता. गाडी रंगवल्याला एकोणीस वर्षे झाली आहेत.

हिरव्या वायरच्या बाजूची गळती फ्यूजबॉक्समध्ये होती. या गाडीला दोनच फ्यूज आहेत. वायपर ज्यावर आहेत तो ए३ आणि ए४ या टोकांमधला फ्यूज ३५ अँपिअरचा, काचेच्या नळीचा आहे. त्याच्या पितळी चिमट्यांवर काळा थर चढून ते सैल झाले होते. इथे काकांनी एक गोष्ट सांगितली, जी जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावी. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या त्या जुन्या फ्यूजवर लिहिलेला ३५ हा आकडा तो वितळण्याचा आहे, आणि सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता १७ अँपिअर आहे. आजच्या फ्यूजवर लिहिलेला आकडा मात्र सतत वाहून नेण्याचा असतो. म्हणून दुकानात जाऊन ३५ चा आधुनिक फ्यूज आणला, तर आकडा तोच राहतो आणि संरक्षण निम्म्यावर येते. बाजारात मिळेल तो ३५ चा फ्यूज मी स्वतः दोनदा आणून घातला होता.

विजेचा हिशेब इथे पूर्ण झाला असता आणि बहुतेकांनी गाडी परत दिली असती. काकांना मात्र मोटर ओढत असलेला करंट पटत नव्हता. ओल्या काचेवर तो ५.२ अँपिअर होता. माझ्या गाडीतल्या मोटरवर डीआर-३ए अशी लुकासची खूण ठोकलेली आहे, आणि या मोटरचा चालू स्थितीतला करंट २.७ ते ३.४ अँपिअर असावा असे लुकासच्या माहितीत दिलेले आहे. त्यांच्याकडे त्या पानाची झेरॉक्स प्रत प्लास्टिकच्या पिशवीत आहे, तेलाचे डाग पडलेली. कमी व्होल्ट मिळत असताना मोटर जास्त करंट ओढते आहे याचा अर्थ तिच्यावर ओझे आहे, आणि ते ओझे शोधल्याशिवाय नवीन वायर टाकणे म्हणजे आजाऱ्याला नवे कपडे घालणे आहे, हे त्यांचे शब्द.

ज्यांना या रचनेची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आजच्या गाडीत मोटर आणि वायपर यांच्यामध्ये पत्र्याचे दांडे असतात. मायनरमध्ये मोटर एका लवचीक तारेला मागे-पुढे ओढते आणि ढकलते. त्या तारेवर दुसरी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असल्यामुळे ती दात्यांच्या पट्टीचे काम करते. ती एका धातूच्या नळीतून जाते आणि दोन्ही वायपरच्या खाली असलेल्या छोट्या डब्यांतली दातेरी चाके फिरवते. चाक थोडे पुढे, थोडे मागे फिरते आणि त्याच्या दांडीवर बसवलेला वायपरचा हात काचेवरून फिरतो. रचना साधी आणि सुरेख आहे, पण ती नळी आतून स्वच्छ असेल तोवरच.

काकांनी मोटर आणि वायपरचे हात सोडवले, तारेच्या टोकाला शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा एक ताणकाटा अडकवला आणि ती हळूहळू ओढली. लुकासच्या मोजमापानुसार तार नळीत सरकवायला ६ पौंडांहून, म्हणजे सुमारे २.७ किलोंहून, जास्त जोर लागता कामा नये. माझ्या गाडीत काटा ५ किलोंच्या आसपास थरथरत होता. तो काटा मी स्वतः हातात धरून पाहिला. इतकी वर्षे मोटर काय सोसत होती, ते त्या क्षणी मला मनगटात जाणवले.

तार बाहेर काढली तेव्हा तिच्यावरचे ग्रीस जुन्या मेणासारखे पिवळे-तपकिरी आणि कडक झालेले होते, आणि काही ठिकाणी त्यात वाळू मिसळलेली होती. नळी रॉकेलने धुऊन, त्यातून कापडाची लांब चिंधी दोरीने ओढून त्यांनी ती चार वेळा साफ केली. डाव्या बाजूची दांडी तिच्या बुशमध्ये, म्हणजे ती ज्यात फिरते त्या बाहीत, जवळजवळ जाम झालेली होती. तिला तेल पाजून रात्रभर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी हाताने फिरवत फिरवत मोकळी केली. मग त्यांनी जे केले ते पाहून मला फार समाधान वाटले. डब्यांतली दातेरी चाके पूर्ण फेरी कधीच फिरत नाहीत, त्यामुळे त्यांचे एका बाजूचेच दाते झिजतात आणि समोरच्या बाजूचे दाते कारखान्यातून आले तसे कोरे राहतात. काकांनी दोन्ही चाके अर्धा फेरा फिरवून बसवली, आणि तारही अर्धी वळवून घातली. नवीन भाग एकही न आणता दोन्ही वायपरमधला खडखडाट गेला. नव्या ग्रीसवर ताणकाटा दोन किलोंच्याही आत राहिला.

मोटर उघडण्याचे काम त्यांनी माझ्यासमोर केले. मोटरच्या फिरणाऱ्या भागाला वीज पोचवणारे कार्बन अजून पुरेसे लांब होते, त्यांच्या स्प्रिंगमध्येही जोर होता. ते कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, म्हणजे कॉम्युटेटर, काळा पडला होता. तो बारीक काचकागदाने घासून, पट्ट्यांमधल्या खाचांतली कार्बनची पूड टोकदार लाकडी काडीने काढून, पेट्रोलच्या बोळ्याने पुसला. गिअरचे जुने ग्रीस खरवडून नवे भरले. बस्स. मोटर गेली नव्हती, आणि साडेनऊ हजारांचे काम तर नव्हतेच नव्हते.

इथे एका गैरसमजाबद्दल लिहिते, कारण तो मी पुण्यातल्या दोन जाणत्या लोकांकडून ऐकला होता. माझ्या गाडीत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले आहे, जसे त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत असे. ते उलटे करून आजच्यासारखे घेतले तर वायपर उलटे फिरतील, असे मला सांगण्यात आले होते. काकांनी सांगितले की या मोटरमध्ये चुंबक नाही, चुंबकाच्या जागीही वेटोळी आहेत. बॅटरीची टोके बदलली तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, आणि वेटोळी या दोन्हींतला करंट एकदम उलटतो आणि फिरण्याची दिशा तीच राहते. कायमस्वरूपी चुंबक असलेल्या नंतरच्या मोटरी मात्र खरोखरच उलट फिरतात. टोके बदलण्याचा माझा विचार नाही, पण ज्यांना आधुनिक रेडिओसाठी तसे करायचे असेल त्यांनी आधी मोटर कोणती आहे ते पाहावे.

वायरिंगच्या बाबतीत ते विलक्षण काटेकोर आहेत. दुसऱ्या गॅरेजने वापरलेली लाल वायर घरगुती विजेची होती. तिच्यातल्या तारा जाड आणि मोजक्या असल्यामुळे त्या गाडीच्या कंपनाने टोकाशी तुटतात, आणि शिवाय लुकासच्या रंगसंकेतात लाल रंग बाजूच्या छोट्या दिव्यांचा आहे. दहा वर्षांनी कुणी ही गाडी उघडली तर त्या लाल वायरने त्याची दिशाभूल होईल, हे त्यांचे म्हणणे मला मनापासून पटले. त्यांनी बारीक तारांची लवचीक वायर आणली. करंटची हिरवी, मोटर ते बटण काळी-हिरवी आणि अर्थिंगची काळी, अशी मूळ संकेताप्रमाणे. तिची टोके पिळून टेप लावण्याऐवजी गोळीच्या आकाराची पितळी टोके, म्हणजे बुलेट, सोल्डर करून बसवल्या आणि त्या मूळच्या रबरी नळ्यांत ढकलल्या. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी रिंग घातली. अर्थिंगच्या टोकाखालचा रंग रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत खरवडून पत्रा चकचकीत केला, टोक आवळले आणि वरून व्हॅसलिनचा थर दिला. रंगाचा थर खरवडताना मला क्षणभर वाईट वाटले, ते खरे. पण ती जागा डॅशबोर्डच्या मागे आहे आणि कुणाला दिसत नाही.

वायपरचे हात बसवण्यापूर्वी त्यांनी मोटर एकदा चालवून बंद केली आणि ती आपोआप पार्किंगच्या जागी जाऊन थांबल्यावरच हात दांड्यांवर चढवले. मग घुमटाकार झाकणाचे स्क्रू सैल करून ते किंचित फिरवले, पुन्हा चालवून पाहिले, पुन्हा फिरवले. असे चार-पाच वेळा. शेवटी दोन्ही वायपर काचेच्या रबराला न टेकता तळाशी समांतर येऊन थांबले. गाडी माझ्या ताब्यात आल्यापासून ते मी पहिल्यांदा पाहिले, आणि बटण सात-आठ वेळा उगाचच चालू-बंद केले.

चाचणीसाठी शेजारच्या दुकानाच्या नळाला पाइप लावून वीस मिनिटे काचेवर पाणी सोडले. काकांनी मनगटावरचे घड्याळ माझ्यापुढे धरले आणि फेऱ्या मला मोजायला सांगितल्या. एका मिनिटात ४६ झाल्या. या मोटरसाठी ४५ ते ५० ही अपेक्षा आहे. मोटरला आता १२ व्होल्ट मिळत होते आणि करंट ३.१ अँपिअरवर स्थिर होता. कोरड्या काचेवर वायपर कधीही चालवायचे नाहीत, काच पुसायची असेल तर आधी पाणी मारायचे, ही त्यांची एकमेव सूचना होती.

त्या दिवशी त्यांच्याकडे एक जुनी अमेरिकन गाडीही आली होती. तिचे वायपर विजेवर चालत नाहीत, इंजिन हवा आत खेचते त्या ओढीवर चालतात. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती ओढ कमी होते आणि वायपर रेंगाळतात. खंबाटकी चढताना पावसात हे काय होत असेल याची कल्पना करून मला माझ्या मोटरबद्दल कृतज्ञता वाटली. काका त्या प्रकारचे कामही करतात, पण त्याबद्दल मी स्वानुभवाने सांगू शकत नाही.

आता उणिवा. चार दिवस सांगून काम अकराव्या दिवशी पूर्ण झाले, आणि मधल्या काळात त्यांनी स्वतःहून एकदाही फोन केला नाही. मीच तीनदा चक्कर मारली, आणि नाना पेठेत चक्कर मारणे म्हणजे आधी गाडी लावायला जागा शोधणे. अंदाजपत्रक लेखी मिळत नाही. बिल मागितले तेव्हा त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिले. मजुरी ३,८०० रुपये आणि साहित्य १,१४० रुपये, एकूण ४,९४० रुपये. कामाच्या मानाने हे मला अगदी रास्त वाटले, पण आधी आकडा न कळल्याने मनात धाकधूक राहते, आणि हे त्यांनी बदलावे असे मी त्यांनाही सांगितले आहे. पैसे रोख द्यावे लागतात. वायपरचे नवीन ब्लेड त्यांच्याकडे मिळत नाही. नाना पेठेतल्या दुकानांतही माझ्या अरुंद हातावर बसेल असे ब्लेड मिळाले नाही, तेव्हा आजच्या एका लांब ब्लेडचे रबर मापाने कापून त्यांनी ते जुन्या स्टीलच्या पट्टीत सरकवून दिले. ते चांगले पुसते, पण उजव्या टोकाशी बोटभर जागेत पाण्याची रेघ राहते. आणि ज्यांना थांबून-थांबून चालणारे आधुनिक वायपर जुन्या गाडीत हवे आहेत, त्यांनी तिथे जाऊ नये. ते काम ते करत नाहीत, आणि विचारले तर थोडे रागावतातही.

गाडी आणल्यानंतर जुलैत ताम्हिणीपर्यंत आणि ऑगस्टमध्ये दोनदा लोणावळ्यापर्यंत जाऊन आले. ताम्हिणीच्या पावसात सलग तासाभराहून अधिक वेळ वायपर चालू होते. परतताना चांदणी चौकात थांबून मी मोटरला हात लावून पाहिला, ती कोमट होती, तापलेली नव्हती. हेडलाइट लावल्यावर वेगात जाणवेल असा फरक पडत नाही. फ्यूज एकदाही उडाला नाही.

एक काम राहिले आहे. डाव्या दांडीभोवतीचे रबर कडक झाले आहे आणि जोरदार पावसात तिथून एखाद-दुसरा थेंब आत, डाव्या सीटच्या पायाशी पडतो. काकांनी ते गाडी परत देतानाच दाखवले होते. तोच थेंब मोटरच्या नव्या काळ्या वायरपर्यंत जाऊ नये म्हणून त्यांनी ती वायर खालून वळसा देऊन वर नेली आहे, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडते, जोडापर्यंत चढत नाही. मापाचे रबर रविवारच्या जुन्या बाजारात दोनदा शोधले, मिळाले नाही. आता एका ओळखीच्या खराद्याकडे साचा करायला दिला आहे. ते आले की गाडी पुन्हा त्याच बोळात न्यायची आहे, आणि या वेळी आकडा आधी लिहून घ्यायचा आहे.